डॉ. द्वारकानाथ कोटणीस : जखमी माणसापर्यंत गेलेला डॉक्टर

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा झाली. शस्त्रक्रियेची सोय शहरातच असावी की खेड्यापर्यंत यावी, हा विषय होता. मी खेड्याच्या बाजूने बोललो. साठवलेले रक्त नाही, भूल देणारा नाही, तर डोंगरावर एकटा डॉक्टर काय करणार, असे प्रतिपक्षाने विचारले. मला उत्तर सुचले नाही. मी मान खाली घालून जागेवर बसलो. ते उत्तर पुढे डॉ. कोटणीसांच्या चरित्रात सापडले.

द्वारकानाथांचा जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१० चा. वैद्यकीय शिक्षण मुंबईला झाले. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे मदत मागितली आणि १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते, ही आपल्या विदर्भाला अभिमानाची गोष्ट. चीनमध्ये असतानाच वडील वारल्याची बातमी आली. तरी कोटणीस परतले नाहीत.

१९३९ च्या फेब्रुवारीत ते येनानला आणि पुढे वुताई पर्वताच्या मुलखात गेले. तेथे कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी आघाडीलगतच शस्त्रक्रिया करण्याची पद्धत रुजवली होती. कारण साधे आहे. रक्त वाहतच राहिले तर माणूस वाटेतच जातो, आणि जखमेला जितका उशीर तितका पू व विषबाधा. बेथ्यून स्वतः शस्त्रक्रिया करताना बोट कापून, रक्त दूषित होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले. १९४१ साली त्यांच्या नावाचे रुग्णालय कोटणीसांनी हाती घेतले. एका लढाईत ते सलग ७२ तास शस्त्रक्रिया करीत राहिले, असे सांगतात. शिवाय ते चिनी भाषा शिकले आणि तिथल्या तरुणांना त्याच भाषेत वैद्यक शिकवू लागले.

परिचारिका क्वो चिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय अवघे ३२.

माझे काका आंब्याच्या झाडावरून पडले, तेव्हा मी आठवीत होतो. मांडीतून रक्त थांबत नव्हते. बाजेवर घालून त्यांना सडकेपर्यंत आणले. चिखलदऱ्याहून परतवाडा सुमारे ३० किलोमीटर, सगळा घाट. काका वाटेतच गेले. जखमेवर फडके घट्ट दाबून धरावे, एवढेही आम्हा कोणाला ठाऊक नव्हते. आमच्या घरात तोवर कोणी कॉलेजची पायरी चढलेले नव्हते.

आता १०८ क्रमांकाची गाडी येते. पण ती येईपर्यंतची वेळ गावाचीच असते. प्रतिपक्षाला मी आज सांगेन की डॉक्टर डोंगरावर एकटा नसतो, गावाला शिकवले तर. या सुट्टीत रक्त थांबवायला मी शिकणार आहे, आणि मग आमच्या पाड्यावर शिकवणार आहे.