बेंजामिन फ्रँकलिन

मुलांनो, आकाशातील वीज आणि घर्षणाने निर्माण होणारी वीज एकच, हे सांगणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिन यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा जन्म १७०६ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात झाला. तरुणपणी ते पट्टीचे पोहणारे होते. त्यांचे भाऊ जॉन मुतखड्याने हैराण झाले, तेव्हा १७५२ साली त्यांनी लघवी काढण्यासाठी चांदीची लवचीक नळी बनवून घेतली.

१७७६ साली ते अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून फ्रान्सला गेले. तेथे मेजवान्या वाढल्या, चालणे कमी झाले. शरीर स्थूल झाले. गाऊटने सांधे सुजत. पुढे त्यांनाही मुतखडा झाला. १७८५ साली परतताना गाडीचे धक्के सोसवेनात, म्हणून खेचरांच्या डोलीतून त्यांना बंदरावर नेले. तरीही १७८७ साली, एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी देशाच्या राज्यघटनेवर सही केली. १७९० साली ते वारले.

वजन फार वाढले किंवा मधुमेह झाला, तर लघवीतील आम्लता वाढते आणि युरिक आम्लाचे खडे होण्याचा संभव असतो. हेच आम्ल सांध्यांत साचले, की गाऊट होतो. व्यायामाचे महत्त्व फ्रँकलिन जाणत होते; पण नुसते जाणून काय उपयोग? तुम्ही रोज खेळा, चाला आणि भरपूर पाणी प्या.