महाराणी ताराबाई आणि खेडची लढाई

भगिनींनो, महाराणी ताराबाई म्हटले की औरंगजेबाशी झुंजणारी रणरागिणी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. ते खरेच आहे. पण त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती घरच्याच माणसांशी झालेल्या लढाईत. तीच हकीकत मी माझ्या साध्या भाषेत सांगते.

ताराबाई म्हणजे सरसेनापती हंबीरराव मोहिते यांची कन्या. त्यांचा जन्म १६७५ चा. राजाराम महाराजांशी त्यांचा विवाह झाला. १६८९ साली संभाजी महाराजांच्या वधानंतर रायगडास मोगलांचा वेढा पडला. तेव्हा थोरल्या जाऊबाई येसूबाई यांनी राजाराम महाराजांना गडाबाहेर पाठविले आणि स्वतः लहानग्या शाहूसह कैद पत्करली. हा त्याग ध्यानात ठेवावा, कारण पुढचा तंटा त्यातूनच उभा राहिला.

१७०० च्या मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. ताराबाई त्या वेळी अवघ्या पंचवीस वर्षांच्या! चार वर्षांच्या मुलाला, शिवाजीला, गादीवर बसवून त्यांनी कारभार हाती घेतला. बादशहा एक किल्ला घेई, पुढे सरके, की मराठे तो परत घेत. मराठ्यांच्या फौजा नर्मदेपलीकडे माळव्यापर्यंत जाऊ लागल्या. सात वर्षे असे चालले. अखेर १७०७ साली औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला.

आता सुखाचे दिवस यावयाचे, तो आझमशहाने शाहूंना सोडून दिले. येसूबाईंना मात्र ओलीस ठेवले. मराठ्यांत दुही माजावी हाच त्यातला डाव. हा शाहू खरा नव्हे, तोतया आहे, असे ताराबाईंनी जाहीर केले आणि सेनापती धनाजी जाधव व परशुरामपंत प्रतिनिधी यांना त्यांच्यावर धाडले. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमाकाठी खेड येथे सैन्ये समोरासमोर आली. बाळाजी विश्वनाथ यांच्या मध्यस्थीने धनाजींची खात्री पटली होती. ते शाहूंना मिळाले. प्रतिनिधी लढून माघारी फिरले. बादशहाला सात वर्षांत जे साधले नाही, ते एका दिवसात झाले. सातारा गेला आणि १७०८ च्या जानेवारीत शाहूंना राज्याभिषेक झाला.

ताराबाईंनी हार मानली नाही. कोल्हापूरची वेगळी गादी उभी केली. पण १७१४ साली सवत राजसबाई यांचा पुत्र संभाजी गादीवर आला आणि मायलेक पन्हाळ्यावर कैदेत पडले. पुढे तो मुलगाही गेला. १७३० साली वारणाकाठी शाहूंच्या फौजेने संभाजींचा पराभव केला, आणि दुसऱ्या वर्षीच्या तहाने सातारा व कोल्हापूर ही दोन राज्ये कायम झाली. ताराबाई साताऱ्यास, शाहूंच्याच आश्रयाला आल्या.

मी सातवीपर्यंतच शिकलेली बाई. पण मला वाटते, या तंट्यात एकीलाच दोष देता येत नाही. एका जावेने राज्य टिकावे म्हणून मूल शत्रूच्या हाती दिले, दुसरीने ते राज्य पदरात मूल घेऊन राखले. दोघींच्याही मुलांचा हक्क खरा होता. येसूबाई सुटल्या त्या १७१९ साली, तीस वर्षांनी. ताराबाई १७६१ च्या डिसेंबरात साताऱ्यास वारल्या. त्याच वर्षीच्या आरंभी पानिपत झाले होते. शिवरायांच्या राज्याभिषेकानंतर वर्षभरात जन्मलेल्या या बाईने तेही ऐकले. संगम माहुलीस त्यांची समाधी आहे. साताऱ्याकडे जाणे झाले तर तेथे अवश्य दोन फुले वाहावीत.