किपिंग यांचा नकोसा गोंद

मोटारींच्या प्रदर्शनात मांडलेल्या गाडीचा रंग आरशासारखा चमकतो, तो केवळ घासूनपुसून नव्हे. पॉलिश झाल्यावर शेवटचा हात फिरतो तो बहुतेकदा सिलिकोन असलेल्या द्रावाचा. सिलिकोन हे बहुवारिक, म्हणजेच पॉलिमर आहे. त्याचा पृष्ठताण इतका कमी की ते रंगावर सहज पातळ पसरते, बारीक ओरखडे झाकते आणि वर पडलेले पाणी थेंबाथेंबाने घरंगळून जाते. या पदार्थांना ‘सिलिकोन’ हे नाव देणाऱ्या फ्रेडरिक स्टॅनली किपिंग यांना मात्र तो प्रयोगातला एक त्रासच वाटत राहिला.

किपिंग यांचा जन्म १८६३ सालचा, मँचेस्टरचा. तिथल्या ओवेन्स कॉलेजात शिक्षण, काही काळ शहराच्या गॅस खात्यात रसायनतज्ज्ञाची नोकरी आणि मग म्युनिकला बायर यांच्या प्रयोगशाळेत संशोधन. तिथे त्यांना धाकटे विल्यम पर्किन भेटले. दोघांनी मिळून लिहिलेले सेंद्रिय रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक पुढे अनेक पिढ्यांनी वापरले. हॉलंड घराण्यातल्या तीन बहिणींचे विवाह पर्किन, किपिंग आणि आर्थर लॅपवर्थ यांच्याशी झाले. एका घरात तीन रसायनशास्त्रज्ञ जावई! १८९७ मध्ये किपिंग नॉटिंगहॅमला प्राध्यापक झाले, ते १९३६ पर्यंत तिथेच राहिले.

त्यांचा ध्यास वेगळाच होता. कार्बनच्या अणूला चार वेगवेगळे गट जोडले, तर उजव्या-डाव्या हातांसारखे, एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेले दोन रेणू तयार होतात. आवर्तसारणीत कार्बनच्या खाली बसणाऱ्या सिलिकॉनचेही तसे होते का, हे त्यांना पाहायचे होते. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर त्यांनी ते दाखवून दिले.

या वाटेवर आणखी एक संयुग हवे होते. कार्बनच्या कीटोनसारखेच सिलिकॉनचे संयुग मिळेल या अपेक्षेने त्यांनी त्याचे नाव सिलिकोन ठेवले. पण ऑक्सिजनशी दुहेरी बंध करून राहणे सिलिकॉनला मानवत नाही. तो एका बाजूला एक ऑक्सिजन, दुसऱ्या बाजूला दुसरा, असे हात धरत साखळी वाढवत नेतो. त्यामुळे काचपात्रात स्फटिकांऐवजी तेल नाही तर गोंद उरायचा. त्या काळी पदार्थ शुद्ध आहे की नाही हे स्फटिक आणि वितळणबिंदू यांवरून ठरे. जे स्फटिकरूप होत नाही ते बिघडलेले, ही सर्वसाधारण समजूत. महारेणूंची कल्पना रुजायला १९२०चे दशक उलटावे लागले. किपिंग यांनी गोंद टाळण्यासाठी कष्ट घेतले, तरी त्याच्या नोंदी इमानाने छापल्या. निवृत्तीच्या सुमारास रॉयल सोसायटीपुढे दिलेल्या व्याख्यानात मात्र, या शाखेत नजीकच्या काळात मोठी प्रगती होण्याची फारशी आशा नाही, असा निर्वाळाही देऊन टाकला.

तोवर अमेरिकेत कॉर्निंग या काच कंपनीत फ्रँकलिन हाइड याच संयुगांच्या मागे लागले होते. १९४०मध्ये युजीन रोचो यांना सिलिकॉनपासून कच्चा माल थेट बनवण्याची रीत सापडली. १९४३मध्ये डाऊ कॉर्निंग कंपनी उभी राहिली आणि उंचावरून उडणाऱ्या लढाऊ विमानांची प्रज्वलन यंत्रणा ओलाव्यापासून जपायला सिलिकोनचे वंगण वापरले गेले. किपिंग यांनी हे सारे हयातीत पाहिले. १९४९मध्ये वेल्समधील क्रिकिएथ येथे त्यांचे निधन झाले.

आज सिलिकोन मूत्रमार्गात घालायच्या नळीत आहे, इंजेक्शनच्या सिरिंजमधल्या वंगणात आहे, पोटातल्या गॅसवरच्या गोळीतही आहे. मोटारीला नवा रंग देणारे कारागीर मात्र त्याला टरकून असतात. पत्र्यावर जुन्या पॉलिशचा अंश जरी राहिला, तरी ओला रंग तिथून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. म्हणून फवारणीआधी सारा पत्रा द्रावकाने पुसून काढावा लागतो.