भूकंपात भिंत पडू नये म्हणून नियम लिहिणारे जय कृष्ण कोण होते?

नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीकडची जमीन हलायला लागली. उधवा, धुंदलवाडी या भागात दिवसा-रात्री कधीही धक्के बसायचे. 1 फेब्रुवारी 2019 ला तर 4.1 तीव्रतेचा धक्का बसला. भिंतींना तडे गेले, प्रशासनानं तंबू लावले, पोरांची शाळा उघड्यावर भरायला लागली. म्हणजे वादळात, पुरात गाव ज्या शाळेत आसऱ्याला जातं, त्याच शाळेत पाऊल टाकायची भीती.

मग जुनी इमारत पाडायची का? की आहे तीच मजबूत करता येते?

करता येते. आणि कशी करायची हे शोधण्यात ज्यांनी आयुष्य घातलं, त्यांचं नाव जय कृष्ण. भारतातल्या भूकंप अभियांत्रिकीचे जनक.

1912 साली उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगरमध्ये त्यांचा जन्म झाला. रुरकीच्या थॉमसन कॉलेजातून ते सिव्हिल इंजिनिअर झाले आणि पुढे तिथेच शिकवायला लागले. सगळं सरळ चाललं होतं. पण 15 ऑगस्ट 1950 ला, देश स्वातंत्र्यदिन साजरा करत असताना, आसाम हादरलं. तीव्रता 8.6. अशा देशात इमारती बांधताना भूकंपाचा हिशोब कसा धरायचा, याचा देशभर लागू होईल असा एकही नियम तेव्हा नव्हता.

जय कृष्ण हा विषय समजून घ्यायला अमेरिकेत कॅल्टेकला गेले आणि परत येऊन त्यांनी 1960 मध्ये रुरकीत भूकंप अभियांत्रिकीची वेगळी संस्था उभी केली. दोनच वर्षांत आयएस 1893 हा भूकंपासाठीचा देशाचा पहिला कोड आला. तो घडवणाऱ्यांत त्यांचा मोठा वाटा होता.

त्यांची खरी कमाल मात्र साध्या घरात दिसते. भूकंपात माणसं बहुतेक वेळा जमिनीच्या हलण्यानं मरत नाहीत, भिंत अंगावर पडल्यानं मरतात. विटांच्या खोलीच्या चार भिंती आपापल्या दिशेनं हलतात आणि कोपऱ्यात एकमेकींपासून सुटतात. मग त्या बांधून ठेवल्या तर? दारं-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींवर सलग फिरणारी लोखंडी सळयांची काँक्रीट पट्टी आणि कोपऱ्यात उभी सळई. खोक्याला दोरी बांधतो तसंच. जय कृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विटांच्या बांधकामावर यासाठी अभ्यास केला. 1967 मध्ये आलेल्या आयएस 4326 या कोडमध्ये अशाच पट्ट्या आणि सळया आहेत.

त्याच वर्षी महाराष्ट्रानं सगळ्यांनाच धडा शिकवला. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयना हादरलं, सुमारे 180 माणसं गेली. दख्खनचं पठार स्थिर आहे, इथं मोठा भूकंप होत नाही, हा समज त्या पहाटे मोडला. धरणाचं डिझाइन करताना गुरुत्वाकर्षणाच्या 5 टक्के इतका आडवा जोर धरला होता. धरणातल्या यंत्रानं नोंदवला 63 टक्के!

धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं. जय कृष्ण आणि रुरकीच्या सहकाऱ्यांनी ती नोंद उलगडली, त्यावर शोधनिबंध लिहिला. पुढे धरणाच्या मागच्या बाजूला काँक्रीटचे टेकू देऊन ते मजबूत केलं गेलं. 103 मीटर उंचीचं धरण न पाडता बळकट होतं, तर चार खोल्यांची शाळा का नाही? 1970 मध्ये देशाचा भूकंप नकाशाही बदलला. धोका शून्य मानलेला झोनच त्यातून काढून टाकला.

पुढे ते रुरकी विद्यापीठाचे कुलगुरू झाले, भटनागर पुरस्कार, पद्मभूषण मिळालं, आंतरराष्ट्रीय भूकंप अभियांत्रिकी संघटनेचं अध्यक्षपदही आलं. पण दुर्दैव बघा. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. लातूर तेव्हाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होतं. पट्टीचं ज्ञान 26 वर्षं कोडमध्ये होतं, गावात पोहोचलं नव्हतं.

जुन्या इमारतींची दुरुस्ती आणि मजबुतीकरण कसं करावं, याचा आयएस 13935 हा कोडही 1993 चाच. ऑगस्ट 1999 मध्ये जय कृष्ण गेले.

आता पालघरचं. हा जिल्हा झोन 3 मध्ये येतो. शाळा, दवाखान्यांसाठी कोड साध्या घरापेक्षा दीडपट जोर धरायला सांगतो, कारण संकटात लोक तिथेच धावतात. नवी इमारत बांधताना हे तपासलं जातं. जुन्या शाळेची दुरुस्ती म्हणजे मात्र अनेकदा नवे पत्रे आणि रंगरंगोटी. खरं तर गिलावा उकरलेला असतो तेव्हाच खिडक्यांच्या वरून आणि कोपऱ्यांवर तारेची जाळी ठोकून त्यावर सिमेंटचा थर देणं सगळ्यात सोपं असतं. एकदा रंग लागला की त्यासाठी सगळी भिंत पुन्हा उकरावी लागते.