मू तिएजू

मू तिएजू (जन्म : ४ जून १९४९, शांतोंग प्रांत, मृत्यू : १४ सप्टेंबर २००८, बीजिंग) हे चिनी बास्केटबॉल खेळाडू होते. मू हे आडनाव असून चिनी रिवाजाप्रमाणे ते आधी येते. तिएजू म्हणजे लोखंडी खांब. त्यांची उंची २.२८ मीटर, म्हणजे सुमारे साडेसात फूट होती.

पीत नदीकाठच्या तोंगमिंग तालुक्यात त्यांचा जन्म झाला. १९५९ ते १९६१ या काळात चीनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्याची झळ शांतोंगलाही तीव्रतेने बसली, आणि मू यांचे वाढीचे वय नेमके तेच होते. इतर खेळाडूंच्या मानाने ते बास्केटबॉलकडे उशिराच वळले. पुढे ते चिनी सैन्याच्या ‘बायी’ या संघात दाखल झाले. बायी म्हणजे आठ-एक. १ ऑगस्ट या सैन्याच्या स्थापनादिनावरून हे नाव पडले.

राष्ट्रीय संघात ते सेंटरच्या जागी खेळत. त्यांच्या काळात चीनने १९७५, १९७७ आणि १९७९ अशी सलग तीन आशियाई अजिंक्यपदे जिंकली. १९७८ साली बँकॉक येथील आशियाई खेळांतही सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षी फिलिपाइन्समधील जागतिक स्पर्धेत चीन प्रथमच उतरला व अकराव्या स्थानी राहिला. १९७९ मध्ये वॉशिंग्टन बुलेट्स हा अमेरिकी व्यावसायिक संघ चीनमध्ये आला, तेव्हा त्या कसलेल्या खेळाडूंसमोर मू उभे राहिले. सामना अर्थात पाहुण्यांनी जिंकला.

ऑलिंपिकने मात्र त्यांना कायम हुलकावणी दिली. मू ऐन उमेदीत असताना चीन ऑलिंपिक चळवळीबाहेर होता. १९७९ मध्ये त्याला पुन्हा प्रवेश मिळाला, पण अफगाणिस्तानातील सोव्हिएत आक्रमणाच्या निषेधार्थ चीनने १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. (या बहिष्कारांमुळेच भारतीय बास्केटबॉल संघाला मॉस्कोला जाता आले, तो भारताचा आजवरचा एकमेव ऑलिंपिक सहभाग होय.) १९८४ मध्ये चिनी संघ लॉस एंजेलसला गेला, तेव्हा मू त्यात नव्हते. याओ मिंग यांची उंची मूंपेक्षा अवघ्या एका सेंटीमीटरने अधिक. पण त्यांना तीन ऑलिंपिक खेळायला मिळाली. फरक उंचीचा नव्हता, काळाचा होता.

निवृत्तीनंतर मू यांनी बायी संघात प्रशिक्षक म्हणून काम केले. चीनमध्ये त्यांचे नाव उंच माणसासाठी जणू सामान्यनामच झाले होते. बीजिंग ऑलिंपिकची सांगता होऊन तीन आठवडे झाले असताना, वयाच्या ५९ व्या वर्षी त्यांचे हृदयविकाराने निधन झाले.