लोकसभेचे पहिले अध्यक्ष : कै. दादासाहेब मावळंकर

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहिण्याचे काम मंडळाने माझ्याकडे सोपविले. संतांची, वीरांची व समाजसुधारकांची चरित्रे आपण नेहमीच वाचतो. परंतु विवाह, वारसा, हुंडा यांविषयीचे जे कायदे आपल्या संसारापर्यंत येऊन पोहोचतात, ते जेथे होतात त्या सभागृहाला शिस्त कोणी लावली, हे आपणांपैकी थोड्याच भगिनींना ठाऊक असेल. म्हणून मी कै. गणेश वासुदेव उर्फ दादासाहेब मावळंकर यांचे चरित्र निवडले.

मावळंकरांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावचे. दादासाहेबांचा जन्म 27 नोव्हेंबर 1888 रोजी बडोद्यास झाला. शिक्षणासाठी ते अहमदाबादेस गेले आणि पुढे तेच त्यांचे कर्मक्षेत्र झाले. मुंबईस कायद्याची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन 1913 साली त्यांनी वकिली सुरू केली. व्यवसायात चांगला जम बसला होता. परंतु गांधीजी व सरदार पटेल यांच्या सहवासात आल्यावर असहकाराच्या काळात त्यांनी वकिलीवर पाणी सोडले. अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, आणि अनेक वर्षे तुरुंगवासही सोसला. तुरुंगात भेटलेल्या कैद्यांच्या हकीकती त्यांनी गुजरातीत लिहिल्या. दोन्ही भाषा त्यांना सारख्याच आपल्या होत्या.

1937 साली ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. 1946 च्या जानेवारीत दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली, तेव्हा इंग्रज सरकारचा पाठिंबा प्रतिस्पर्ध्यास होता. दादासाहेबांना 66 मते पडली, प्रतिस्पर्ध्यास 63. अवघ्या तीन मतांनी ते निवडून आले! पुढे देश स्वतंत्र झाला, पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि 15 मे 1952 रोजी लोकसभेने त्यांना आपले पहिले अध्यक्ष निवडले. त्या वेळी विरोधी पक्षांनी उभे केलेले उमेदवार शंकरराव मोरे हेही मराठीच होते.

आपल्या संसदेची दोन सभागृहे आहेत. लोकसभेचे सभासद जनता थेट निवडून देते, आणि पाच वर्षांनी किंवा त्याआधीही ती विसर्जित होऊ शकते. राज्यसभेचे बहुतेक सभासद राज्यांच्या विधानसभांतील आमदार निवडतात. ती कधीच विसर्जित होत नाही; दर दोन वर्षांनी तिचे एकतृतीयांश सभासद निवृत्त होतात. विधेयक एका सभागृहात मांडले जाते, त्याच्या तत्त्वावर चर्चा होते, जरूर तर ते समितीकडे जाते, मग एकेक कलम घेऊन मतदान होते. तेथे संमत झाले की दुसऱ्या सभागृहात पुन्हा तीच चाळणी, आणि शेवटी राष्ट्रपतींची संमती. हिंदू विवाहाचे विधेयक 1952 साली राज्यसभेत मांडले गेले. त्याचा कायदा व्हायला 1955 चा मे उजाडला. उशीर खरा, पण घाईत केलेले कायदे बायकांच्या पदरात टिकत नाहीत, असे मला वाटते.

पैशाच्या विधेयकांत मात्र लोकसभेचा शब्द अखेरचा. राज्यसभेने ते चौदा दिवसांत परत करावयाचे असते, आणि कोणते विधेयक या वर्गात बसते हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवितात. 1953 साली प्राप्तिकराच्या एका विधेयकावरून यासंबंधी राज्यसभेत शंका निघाल्या आणि दोन्ही सभागृहांत तेढ आली. अखेर पंतप्रधान नेहरूंनी मध्यस्थी केली व दोन्ही सभागृहांचा मान राखून वाद मिटविला.

दादासाहेबांचे खरे कर्तृत्व अशा रोजच्या कामकाजात आहे. मंत्र्यांना जाब विचारण्याचा प्रश्नोत्तरांचा तास त्यांनी बळकट केला. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने पाळली जातात की नाही हे पाहणारी समिती, सरकारी खाती कायद्याखाली जे नियम करतात ते तपासणारी समिती, कामाचा वेळ वाटून देणारी समिती, या त्यांच्याच कारकीर्दीत उभ्या राहिल्या. संसदेची बैठक नसताना वटहुकूम काढण्याची सवय लोकशाहीला धरून नाही, असे त्यांनी स्वपक्षाच्या सरकारलाही पत्रे लिहून बजावले.

त्यांच्यावर टीका झाली नाही असे नाही. अध्यक्ष झाल्यावरही त्यांनी काँग्रेसचे सभासदत्व सोडले नाही, हे अनेकांना खटकले. 1954 च्या डिसेंबरात त्यांना पदावरून दूर करण्याचा ठरावच लोकसभेत आला. अशा वेळी अध्यक्षाने आसनावर बसावयाचे नसते, असा घटनेचा दंडक आहे. म्हणून उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार आसनावर बसले, विरोधकांनी आपले म्हणणे मांडले, आणि मग ठराव फेटाळला गेला. सभागृहाच्या प्रमुखावरही त्याच सभागृहात उघड आरोप करता येतो, हे त्या दिवशी देशाने पाहिले. मला तर त्यांच्या कारकीर्दीतला हाच दिवस सर्वांत बोधप्रद वाटतो.

27 फेब्रुवारी 1956 रोजी दादासाहेब निवर्तले. त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर त्यांच्या पत्नी सुशीलाबाई बिनविरोध निवडून आल्या व 1957 पर्यंत लोकसभेत होत्या. पतीच्या तुरुंगवासाच्या वर्षांत घर सांभाळणाऱ्या या बाईंची आठवणही येथे केलीच पाहिजे.

त्यांच्यामागे पाच वर्षांनी हुंडाबंदीच्या विधेयकावर दोन्ही सभागृहांचे एकमत होईना. तेव्हा घटनेत सांगितल्याप्रमाणे 1961 च्या मे महिन्यात संसदेची पहिली संयुक्त बैठक भरली. लोकसभेचे अध्यक्ष या नात्याने अय्यंगारच तिच्या आसनावर होते. तेथे मतदान होऊन विधेयक संमत झाले. हुंडा त्याने संपला नाही, हे आपण सगळ्याच जाणतो. पण तो मागणे व देणे हा गुन्हा ठरला.

आपल्या मंडळाची सभा लहान आहे. तरी विषयपत्रिका आधी मिळावी, हिशोबावर कोणाही सभासदाला प्रश्न विचारता यावा, एकटी पडलेल्या भगिनीचेही बोलणे पुरे ऐकून मगच हात वर करावयास सांगावे, एवढे आपण पाळले, तर दादासाहेबांनी दिल्लीत जे रुजविले त्याचे एक रोप आपल्याही अंगणात वाढेल.