विश्लेषण : अमेरिकेतील एका राज्याने विधिमंडळाचे एक सभागृह का रद्द केले? जॉर्ज नॉरिस कोण होते?

अमेरिकेतील ५० पैकी ४९ राज्यांच्या विधिमंडळांत दोन सभागृहे आहेत. अपवाद फक्त नेब्रास्काचा. तेथे १९३७ पासून एकच सभागृह आहे आणि मतपत्रिकेवर उमेदवाराचा पक्ष छापला जात नाही. हा बदल घडवणारे नेते म्हणजे सिनेटर जॉर्ज नॉरिस.

जॉर्ज नॉरिस कोण होते?

११ जुलै १८६१ रोजी ओहायोतील शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. शिक्षकाची नोकरी करत ते कायदा शिकले आणि १८८५ मध्ये नेब्रास्कात येऊन वकिली करू लागले. पुढे न्यायाधीश झाले. १९०३ पासून दहा वर्षे ते प्रतिनिधीगृहात आणि त्यानंतर तीस वर्षे सिनेटमध्ये होते. रिपब्लिकन असूनही १९१० मध्ये त्यांनी स्वपक्षाचेच सभापती जोसेफ कॅनन यांच्या अनिर्बंध अधिकारांना कात्री लावली.

दोन सभागृहांवर आक्षेप काय?

दोन्ही सभागृहांचे सदस्य त्याच मतदारांनी निवडलेले असतील, तर दुसऱ्याची गरज काय, हा त्यांचा मुद्दा होता. त्यांचा खरा राग संयुक्त समितीवर होता. सभागृहांत मतभेद झाले की मोजके सदस्य बंद दाराआड विधेयकाचे अंतिम रूप ठरवत. कोणते कलम कोणी बदलले, हे मतदाराला कळत नसे.

मतदारांना कसे पटवले?

१९३४ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, नॉरिस यांनी स्वतः मोटारीने राज्य पिंजून काढले. प्रचारात टायरचे दोन संच झिजल्याचे सांगितले जाते. महामंदीच्या काळात खर्चकपातीचा मुद्दा लोकांना पटला. घटनादुरुस्तीच्या बाजूने २,८६,०८६, तर विरोधात १,९३,१५२ मते पडली.

नेमके काय बदलले?

सदस्यसंख्या १३३ वरून ४३ वर आली. मानधनाची एकूण रक्कम घटनेतच ठरवून ती सदस्यांत समान वाटण्याची तरतूद झाली. म्हणजे सदस्य जितके कमी, तितके प्रत्येकाचे मानधन जास्त. १९३५ चे द्विसभागृही अधिवेशन ११० दिवस चालले. १९२ विधेयके मंजूर झाली आणि खर्च २,०२,५९३ डॉलर आला. १९३७ मध्ये एकाच सभागृहाने ९८ दिवसांत २१४ विधेयके मंजूर केली. खर्च होता १,०३,४४५ डॉलर.

आजची स्थिती काय?

सध्या ४९ सदस्य आहेत. अधिवेशन एका वर्षी ९० आणि पुढच्या वर्षी ६० दिवसांचे असते. मानधन मात्र १९८८ पासून वर्षाला १२ हजार डॉलरच आहे. ते घटनेत असल्याने मतदारांच्या संमतीशिवाय वाढत नाही. एवढ्या पैशांत नोकरदार किंवा शेतकऱ्याने आमदारकी कशी करावी, हा प्रश्न त्यामुळे कायम आहे. २००० मध्ये मतदारांनी सलग दोन कार्यकाळांची मर्यादाही घातली. स्वतः नॉरिस यांनी केंद्रीय कायदेमंडळात ४० वर्षे काढली होती.

अखेर काय झाले?

१९४२ मध्ये नेब्रास्काच्याच मतदारांनी त्यांना पराभूत केले. २ सप्टेंबर १९४४ रोजी मकुक येथे त्यांचे निधन झाले. राज्याच्या राजधानीतील विधिमंडळ सभागृहाला आज त्यांचेच नाव आहे.